पाटावरची प्रेमकथा

डोळ्याचा पडदा सुटलाय असं ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय, त्यांच्यासाठी हे आहे. तुम्ही आत्ता हातपाय गाळून बसला असाल. बसा, मीही बसले होते. पण ऑपरेशन झाल्यावर मान खाली घालून पडून राहायचं असतं, आणि तेव्हा नुसतं घाबरून भागत नाही, तेव्हा चिकाटी लागते. ती कुठून आणायची ते मी सांगते. मला ती एका प्रेमकथेतून मिळाली. हसा खुशाल, आमच्या गल्लीतले पण हसले होते.

मी शोभा. माजलगावात माझं बांगड्यांचं दुकान आहे. हे सगळं मी बोलत गेले आणि माझी मुलगी मनीषा लिहीत गेली. माझी भाषा तिनं जरा नीटनेटकी केलीय, घरातल्यांची मात्र जशी आहे तशीच ठेवलीय. तिच्या पप्पांचं बोलणं पुस्तकी केलं तर त्यात त्यांचं काही उरतच नाही.

चुडा भरताना

लग्नसराई होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डोळ्यात मधेमधे चमक मारायची, तर मला वाटायचं समोरच्या गल्लीत वेल्डिंग चाललंय. मग काळे ठिपके दिसायला लागले, चुलीतली राख उडावी तसे. मी पदरानं डोळा पुसायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा हात धरायची. कुणाला सांगितलं नाही. सांगायला सवड कुणाला होती?

त्या दिवशी एका नवरीला हिरवा चुडा भरत होते. मऊ हात, माप एकदम बरोबर. चार बांगड्या चढल्या आणि पाचव्या बांगडीला तिची बोटंच दिसेनात. मनगट दिसतंय, बोटं नाहीत. मी डोळा चोळला, पुन्हा बघितलं. खालून अंधार वर चढत होता. हाताला घाई झाली आणि एकदम दोन बांगड्या कडकन गेल्या. "वाढल्या गं बाई, वाढल्या," मी म्हणाले, आम्ही फुटल्या म्हणत नाही. पण नवरीच्या मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पोरीचं लग्नच मोडलं. मी मोठ्यानं हसले, दुसऱ्या बांगड्या काढल्या आणि बाकीचा चुडा नुसत्या हाताच्या अंदाजानं भरला.

एक गोष्ट इथं सांगून ठेवते. माझा डावा डोळा लहानपणीच तापात अधू झालेला. त्याला माणूस दिसतं, चेहरा दिसत नाही. म्हणजे माझं सगळं जग एका उजव्या डोळ्यावर चाललेलं, आणि आता तोच निघाला होता.

सकाळी आम्ही अंबाजोगाईला गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात लाईट मारून बघितलं, पुन्हा बघितलं आणि गप्प झाले. डॉक्टर गप्प झाला की पेशंटच्या तोंडचं पाणी पळतं.

"डोळ्यामागचा पडदा सुटलाय. आजच संभाजीनगरला निघा," ते म्हणाले.

आमचे हे मागे उभे होते. म्हणाले, "सायेब, चष्म्यानं भागणार न्हाई का?"

"नाही हो. ऑपरेशनच करावं लागेल. उशीर केला तर डोळा जाईल."

स्टँडवर ह्यांनी चहा घेतला आणि हातात तसाच धरून उभे राहिले, पार थंड होईपर्यंत. आमचे हे मुळातच कमी बोलतात. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर आहेत, तिथं गाडीचं वजन ओरडून सांगतात, तेवढंच काय ते बोलणं. घरी भाजीत मीठ कमी पडलं तर ते नुसतं ताट सरकवतात. इतकी वर्षं संसार झाला, पोरगी नोकरीला लागली, पण गोड शब्द म्हणाल तर मला एक आठवत नाही. माणूस वाईट नाही. तोंडाला कुलूप आहे, एवढंच.

मान खाली, मावशी!

ऑपरेशनचं जास्त सांगत नाही. दुखत नाही, आवाज ऐकू येतात, भीती वाटते. संपतं.

खरं काम नंतरचं. डॉक्टर बाईंनी मला समजावून सांगितलं, "डोळ्यात हवेचा फुगा भरलाय. फुगा वर चढतो. तुम्ही मान खाली ठेवली तरच तो मागच्या पडद्याला टेकून पडदा दाबून धरेल. उताण्या झोपलात तर तो पुढं येईल आणि पडदा पुन्हा सुटेल. मग माझ्याही हातात फार काही राहणार नाही."

"किती दिवस?"

"पुढच्या तपासणीला या, तोवर."

वॉर्डात आम्ही सगळे ओळीनं पालथे. चहा नळीनं. सिस्टर दारातूनच ओरडायची, "मान खाली, मावशी!" एकदा मी वैतागून म्हणाले, "अहो, लग्नात घातली तेवढी पुष्कळ झाली की!" अख्खा वॉर्ड पालथा पडूनच हसला. तिथल्या झाडूवाल्या बाईनं माझ्या कपाळाखाली टॉवेलची चुंबळ करून ठेवली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. ती चुंबळ मी घरीही वापरली आणि तुम्हालाही सांगते, उशी घेऊ नका, चुंबळ घ्या.

आक्का आणि बाज

घरी माझं करायला ह्यांची थोरली बहीण आली, चकलांब्याहून. आम्ही तिला आक्का म्हणतो. लवकर विधवा झाली, दिराच्या घरात राहून शेतात राबली. ह्यांना लहानपणी कडेवर घेऊन वाढवलं तिनंच. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण शब्द असा की मोडायची कुणाची छाती नाही. खरं सांगायचं तर माझं आणि तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. माझं दुकान, माझं चार लोकांत बोलणं, हसणं, तिला ते खपत नसे. मी मनात म्हटलं, झालं! डोळा पण गेला आणि वर सासुरवास पण.

पण आल्या आल्या तिनं काय केलं? मागच्या परड्यातली जुनी बाज घरात घेतली आणि डोक्याकडच्या नवारीच्या दोन पट्ट्या सोडून फट केली. म्हणाली, "हितं तोंड घाल. नाक मोकळं ऱ्हाईल." दवाखान्यातल्या गादीपेक्षा ते बरं होतं. तेव्हापासून माझं जग म्हणजे बाजेखालची फरशी. माणसं पायांवरून ओळखायची. जोडव्यांवरून, भेगांवरून, चपलेच्या ठशावरून.

मनीषाची रजा संपली होती, तिला पुण्याला जायचं होतं. "मम्मी, टीव्ही नाही, मोबाईल बघायचा नाही, तू वेडी होशील," असं म्हणून तिनं पप्पांच्या मोबाईलमध्ये गोष्टी ऐकायचं ॲप घालून दिलं. मोठी मोठी पुस्तकं कुणीतरी वाचून दाखवतं. मोठा मोबाईल घरात एकच. माझा आपला बटणांचा. ह्यांनी माझा बटणांचा खिशात टाकला आणि त्यांचा घरी ठेवला.

"काय लावू? कीर्तन लावू का?" मनीषानं विचारलं.

"कीर्तन नको बाई, त्यात सारखं मरणाचं निघतं. काहीतरी जिवंत माणसांचं लाव."

तिनं एक प्रेमकथा लावली. पुण्यातली. रेवती नावाची पोरगी, तिचं फुलांचं दुकान. अनिकेत नावाचा पोरगा, चांगली नोकरी सोडून तिच्या समोरच सायकल दुरुस्तीचं दुकान टाकतो. वाचणाऱ्या बाईचा आवाज असा गोड, की ऐकताना कुणीतरी डोक्याला तेल लावतंय असं वाटावं. दुकानाचं नाव निघालं आणि मी कान टवकारले.

उदबत्ती

मनीषा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मोबाईल बाजेखाली, माझ्या तोंडाच्या सरळ रेषेत. आवाज आला, "प्रकरण तिसरे." आणि मला उदबत्तीचा वास आला.

बघते तर आक्काचे हात. तिनं मोबाईल उचलला, खाली पाट ठेवला, पाटावर धुतलेला रुमाल अंथरला, त्यावर मोबाईल. शेजारी उदबत्ती. मग तिची मांडी दिसली आणि पदराचा काठ वर गेला. डोक्यावर घेतला असणार. आमच्याकडे घरात आजारपण असलं की पोथी लावतात. कुणीतरी वाचतं, बाकीचे हात जोडून ऐकतात. एक बाई ठासून, सुरात वाचतेय, अध्याय मोजतेय, ही पोथीच, असं आक्कानं धरलं होतं.

मला हसू आवरेना. पण हसलं की मान हलते, म्हणून ओठ चावून पडून राहिले. आणि तिकडे पाटावरून वाचणारी बाई सांगतेय, अनिकेतच्या शर्टाला साबणाचा वास येतो आणि रेवतीला तो आवडतो. आक्का गंभीर होऊन ऐकतेय.

प्रकरण संपल्यावर तिनं पाटाला हात लावून नमस्कार केला आणि मला नियम सांगितले. "रोज ह्याच टायमाला. अध्याय चालू झाला का मधी उठायचं न्हाई. अन् पुरी व्हईस्तोवर तू मान वर करायची न्हाई. पोथी अर्ध्यात सोडत नसत्यात."

डॉक्टरांच्या सांगण्यातून माणूस पळवाटा काढतो. 'जरा एकदा पाठ टेकली तर काय होतंय' असं मनात येतंच. पण आक्काच्या पोथीला पळवाट नव्हती. मी मनात म्हटलं, असू दे, कुठल्या का देवाची असंना.

रुख्सानाभाभी

माझ्या दुकानाशेजारी रुख्सानाभाभींचा फळांचा गाडा असतो. त्या पपई घेऊन आल्या. त्यांच्या अगोदर दोन बायका येऊन गेल्या होत्या, एकीच्या मावसदिराचा म्हणे असाच डोळा गेला आणि दुसरीच्या गावात कुणीतरी दोन्ही डोळ्यांनी गेलं. भेटायला येतात की डोळे मोजायला येतात, कळत नाही. तुम्हाला सांगते, असल्या माणसांना दारातूनच चहा पाजा आणि लावून द्या.

आक्कानं भाभींना पण दटावलं, "पोथी चालू हाय. बोलायचं न्हाई." भाभी बिचाऱ्या डोक्यावर ओढणी घेऊन बसल्या. थोडा वेळ झाला, आणि त्यांचे पाय हलायला लागले. मग हसू फुटलंच.

"अगे आक्का, ये पोथी नै! ये तो मोहब्बत का किस्सा हाय!"

वाचणारी बाई मात्र वाचतच होती. आक्का आता मोबाईल उचलून परड्यात फेकते की काय!

"शोभे," आक्का म्हणाली, "हे देवाचं न्हाई?"

"न्हाई आक्का. पोरापोरीचं हाय."

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

उदबत्तीची राख पडली, ती मी बघत राहिले. मग आक्का म्हणाली, "देवाचं नसलं तर नसू दे. पण पाटावर आपुन बसवलंय ना? पाटावर बसवलेलं अर्ध्यातनं उठवायचं न्हाई. तू मान खाली घाल. भाभी, तू बी बस आता, त्या पोरीची आई काय म्हणती ते ऐकू दे."

त्या दिवसापासून आक्का माझी झाली. इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते रेवतीच्या आईला दोघींनी मिळून शिव्या देताना जमलं.

जाताना भाभी सहज बोलून गेल्या, "शोभाभाभी, तुमारे घरवाले आजकल दुकान के सामने से जातेच नै. पहले रोज जाते थे ड्यूटी पे." माझ्या मनात आलं, बंद दुकान बघून लोक विचारत असतील बायकोच्या डोळ्याचं, लाज वाटत असेल ह्यांना. राग आला.

दोन-चार, दोन-सहा

भीतीचं सांगते. भीती मान खाली असताना जास्त वाटते. सगळं रक्त तोंडात उतरलेलं, नाक चोंदलेलं, खांदे आंबलेले, आणि डोक्यात एकच, हा डोळा नाही आला तर? मी दुसऱ्याच्या हाताला धरून चालणारी बाई व्हायचं का?

एक दिवस मी आक्काला म्हणाले, "दुकानातनं बांगड्या आणायला लावा. सगळी मापं." भाभींनी चावी घेऊन आणून दिल्या. आक्का एकेक बांगडी माझ्या हातात द्यायची आणि मी बोटानं चाचपून सांगायची. दोन-चार. दोन-सहा. ही दोन-आठ, आणि हिची कड खरबरीत आहे, परत पाठवायची. आक्का खोटं सांगून बघायची, मी तिला धरायची. मग आक्काचा हात, भाभींचा हात, चाचपून माप सांगायचं. एक पण चुकलं नाही.

ठरवलं मी. डोळा आला तर देवाची कृपा, नाही आला तर रंग भाभी सांगतील आणि बांगडी मी भरेन. दुकान बंद होणार नाही. हे ठरवल्यावर त्या दिवशी मला भूक लागली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

उचललंस पाटावरून

असं सगळं नीट चाललेलं, तेवढ्यात हे काट्यावरच्या दोन सोबत्यांना घेऊन आले, मला भेटायला. आणि नेमकी वेळ पोथीची. पाटावरची बाई सांगतेय की अनिकेतनं रेवतीच्या मानेवरचे केस हळूच बाजूला केले. आक्का डोक्यावर पदर घेऊन, भाभी ओढणी घेऊन, उदबत्तीचा धूर. मला फक्त दारातले तीन जोड पाय दिसत होते. त्यांतल्या एकानं खोकून दाखवलं. ह्यांच्या पायाची बोटं आखडली.

सोबती गेले आणि ह्यांचा पारा चढला. "घरात आजारपण हाय का टॉकीज हाय? बायकोचा डोळा चाललाय अन् हितं हे? उद्या काट्यावर सगळे माज्यावर हसतील."

"डोळा माझा चाललाय," मी खालूनच ओरडले, "तुमचा न्हाई! तुम्हाला हसण्याची पडली. तुम्ही कशाला असलं ऐकणार म्हणा, तुम्हाला बोललेलं कुठं आवडतं!"

ते वाकले, पाटावरून मोबाईल उचलला, माझा बटणांचा बाजेवर टाकला आणि रात्रीच्या ड्यूटीला निघाले.

"दत्ता," आक्का मागून म्हणाली, "पाटावरनं उचललंस तू."

गाडीचा आवाज लांब गेला.

ती सकाळ

त्यानंतरचा वेळ जाता जाईना. प्रकरण नाही म्हणजे दिवसाला खुंटीच नाही. मानेत चमक भरली, उलटी होईल असं व्हायला लागलं. आक्का पाठ चोळत होती, पण तिचाही जीव गोष्टीत अडकलेला. ह्यांनी मोबाईल उचलायच्या जरा आधी रेवती दुकानाला कुलूप लावून आईकडे निघून गेली होती, तिथंच सगळं थांबलं होतं.

सकाळ झाली. लाईट गेलेली, पंखा बंद. आक्का दूध आणायला बाहेर पडली. घरात मी एकटी. मी ठरवलं, बस झालं. एकदा, फक्त एकदा पाठ टेकवायची. एवढ्यानं काय होतंय? आणि झालं तर होऊ दे, मापं मला हातानं कळतातच. डावा हात टेकवला, कोपरावर आले, कूस बदलायला लागले.

दार वाजलं. हे ड्यूटीवरून आले होते. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत.

"थांब," म्हणाले.

"काय थांब? तुमचं काय जातंय?"

"त्या सायकलवाल्याचं ऐकायचं न्हाई का?"

"कुठला सायकलवाला?"

"अनिकेत."

त्यांच्या तोंडून ते नाव! मी तशीच कोपरावर थबकले.

"मोबाईल द्या मग."

"मोबाईल मेलाय. रातभर ऐकलं. अन् हितं लाईट न्हाई."

"तुम्ही? तुम्ही ऐकलं?"

"कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीत बिघाड व्हता, गाड्या हलत नव्हत्या. आक्का म्हणली पाटावरनं उचललंस, तवा म्हणलं बघावं तरी काय हाय. तू मान खाली घाल. सांगतो मी."

मी मान खाली घातली. ते खाली बसले, बाजेच्या पायाला पाठ लावून, तोंड दाराकडं. मला त्यांची टाच दिसत होती, उसाचा चिकटा लागून काळी झालेली. ना त्यांना माझं तोंड दिसत होतं ना मला त्यांचं.

आणि आमचे हे सांगायला लागले. आधी अडखळत, गाडीचं वजन सांगतात तसं. "ती आईकडं गेली. आई म्हणली, कमावत न्हाई त्यो. ती म्हणली, मी कमावती. बरोबर हाय की तिचं." मग त्यांना लय सापडली. "तिथं कॉपीचं हाटील हाय एक. एकेका कपावर इतका टाईम बसत्यात, कामधंदा काय करत्यात काय की." मला हसू आलं. "हसू नको, मान हलती," ते म्हणाले आणि पुढं गेले.

"मग ती परत आली. दुकान उघडलं. अन् त्यो आला. ती म्हणली, मी नव्हते तवा तू कुठं व्हतास?"

ह्यांचं बोलणं थांबलं. टाच जरा मागं सरकली.

"मग? काय म्हणला?"

"म्हणला..." पुन्हा थांबले. "म्हणला, तुजं दुकान बंद असलं का मला त्या रस्त्यानं जाववत न्हाई. लांबच्या वाटंनं जातो मी. बंद शटर बघवत न्हाई मला."

"मग ती काय म्हणली?"

"ती काय म्हणती. म्हणली, उघडलंय की आता."

"अन् तो?"

"त्यो म्हणला, उघडं ठेव."

पालथं पडून रडलं की पाणी गालावरून येत नाही, सरळ खाली पडतं. डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलं होतं. पण पाटावर दोन थेंब पडलेच. बाई काय लिहिलंय, मी मनात म्हटलं, पुण्याच्या पोराला पण असं बोलता येतं! पाठ टेकायचं डोक्यातून पार निघून गेलं. ह्यांनी तीन प्रकरणं सांगितली.

आक्का दूध घेऊन आली, दारातच थांबली. उदबत्ती पेटवली, आणि पाटावर मोबाईल नव्हता, म्हणून ह्यांच्या पुढ्यात लावली.

बसलाय

तपासणीला डॉक्टर बाईंनी डोळ्यात लाईट मारून बघितलं, पुन्हा बघितलं आणि गप्प झाल्या. ह्यांनी माझा खांदा असा धरला की वळ उठला असेल.

"बसलाय पडदा," त्या म्हणाल्या. "चांगला बसलाय. खरंच मान खाली ठेवलीत तुम्ही. सगळ्यांना नाही जमत."

"आमच्याकडं पोथी लावलीती," हे म्हणाले. परक्या माणसाला ह्यांनी आपणहून घरातलं काही सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

नजर एकदम येत नाही, हेही ऐकून ठेवा. डोळ्यातली हवा हळूहळू कमी होते, आणि तिची रेघ दिसते, पाणी भरलेल्या बाटलीत दिसते तशी हलणारी. त्या रेघेच्या वरून आधी मला छताचा पत्रा दिसला, मग खिडकी, मग आक्काचं तोंड. आक्का किती म्हातारी झालीय, ते मी तेव्हा बघितलं. नजर पहिल्यासारखी पूर्ण नाही आली. चष्मा लागला. सरळ रेघ मला अजून थोडी वाकडी दिसते, आणि लाल कुठला, मरून कुठला, ते बांगडी उन्हात धरून ठरवावं लागतं. पण दिसतंय. नवरीच्या हाताला पाच बोटं दिसतात.

पोथीची समाप्ती पण केली आम्ही. आक्कानं शिरा केला, पाटापुढं ठेवला, भाभींच्या घरी डबा भरून दिला. आक्काची एकच तक्रार होती, "लगीन दाखवलंच न्हाई. अक्षता पडल्या का न्हाई, कसं कळावं माणसानं?" चकलांब्याला जाताना तिनं मनीषाकडून वचन घेतलं, पुढची पोथी लगीन असलेली लावायची.

चौदावं प्रकरण

मी दुकान उघडलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं. एक दिवस मनात आलं, ती तीन प्रकरणं आपण त्या गोड आवाजात ऐकलीच नाहीत, त्यानंतर थेट पुढची लावली होती. आता माझ्याकडे पण मोठा मोबाईल आहे. कानात घातलं आणि लावलं.

बारावं, तेरावं, सगळं ह्यांनी सांगितलं तसंच. कॉफीचं हॉटेल पण आहे. मग चौदावं. रेवती दुकान उघडते. अनिकेत येतो. ती विचारते, मी नव्हते तेव्हा तू कुठे होतास? मी श्वास धरून बसले.

अनिकेत लई बोलतो. आयुष्याचं बोलतो, स्वप्नांचं बोलतो, दोघांनी मिळून समुद्रावर जायचं बोलतो. चांगलं बोलतो. पण रस्त्याचं एक अक्षर नाही. शटरचं नाही. लांबच्या वाटेचं नाही. मला वाटलं ऐकण्यात निसटलं. पुन्हा मागं घेतलं, पुन्हा ऐकलं. नाही.

भाभी गाड्यावर डाळिंबं लावत होत्या. मी विचारलं, "भाभी, माझं दुकान बंद होतं तेव्हा हे ड्यूटीला कुठून जायचे हो?"

"नहर के बाजू से जाते थे ना," त्या म्हणाल्या. "इतना लंबा फेरा. मैं सोची, क्यूं जाते होंगे."

मी ह्यांना काही विचारलं नाही, आणि विचारणार पण नाही. हे लिहून झालं की मनीषा त्यांना वाचून दाखवेल, तेव्हा ते उठून परड्यात जातील, मला माहीत आहे.

त्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावर ह्यांच्या गाडीचा आवाज आला. मी एका बाईला बांगड्या भरत होते, दोन-सहाचं माप, तिसरी चढत होती. मी तिचा हात तसाच धरला आणि मान वर करून बघितलं.